आक्कांच्या नावावरचं इंजेक्शन

“न्यूमोनिया आहे, दोन्ही फुप्फुसांत,” एक्स-रेकडे बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसात जंतू शिरतात, कफ साठतो, दम पुरत नाही. मला मात्र त्या काळ्या फोटोतले पांढरे ढग बघून उगाच बरं वाटलं. चार दिवसांच्या तापात सगळंच तरंगत होतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची, बारामती एमआयडीसीत दूध पॅकिंगला जाते. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मला पट्ट्यावरून दुधाच्या पिशव्या येताना दिसत होत्या. संथ, गार. प्रत्येकीवर माझं नाव छापायचं होतं आणि शिक्का कुठेतरी हरवला होता.

उशाशी माझी थोरली जाऊ बसली होती, आक्का. त्या आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. घरोघर फिरून सगळ्यांची हेल्थ कार्डं त्यांनीच काढली. एका दवाखान्यातले कागद आता दुसऱ्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर दिसतात, हे त्या अशा कौतुकानं सांगायच्या, जणू मधली वायर त्यांनीच ओढली.

डॉक्टरीणबाईंनी माझा कार्ड नंबर टाकला. माझ्या फोनवर ओटीपी आला, म्हणजे माझे कागद बघायची परवानगी. आक्कांनी तो वाचून सांगितला आणि इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या नोंदी इथे उघडल्या.

“ॲलर्जीची नोंद नाही,” बाई म्हणाल्या. ॲलर्जी म्हणजे एखादं औषध अंगाला न मानवणं. “कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का?”

झाला होता की. तीन वर्षांपूर्वी, इंदापुरातच. पाय चिघळला म्हणून इंजेक्शन दिलं आणि अंगभर गांधी उठून घसा आवळला. मला सगळं आठवत होतं, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि शब्द त्या पिशव्यांसारखे पुढे सरकून जात होते. मी नुसता आक्कांचा पदर ओढला. सिस्टर सुई भरत होत्या.

आक्का गप्प. मला त्यांचा असा राग आला! त्या का गप्प होत्या ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी आधार घरी विसरले होते, माझं कार्डही तेव्हा निघालं नव्हतं. आक्का म्हणाल्या होत्या, “माझं कार्ड हाय की. माझंच नाव सांग, घरातलंच तर हाय.” आम्हा जावांत साडी, चप्पल, विळा एकमेकींचा चालतो, तसं नावही चाललं. गांधी माझ्या अंगावर उठल्या आणि नोंद त्यांच्या नावावर झाली.

“थांबा मॅडम!” आक्का एकदम उठल्या. “तिला त्रास झालता. पर ती नोंद माझ्या नावावर हाय. म्याच तिला माझं नाव लावाय सांगितलं. मी आशा हाय, तरी बी.”

मग बाईंनी त्यांचा कार्ड नंबर टाकला आणि आक्कांच्या फोनवर ओटीपी आला. तो त्यांनी लगेच वाचून सांगितला. नोंद उघडली: पेनिसिलिन, गंभीर रिॲक्शन, पुन्हा देऊ नये.

“सिस्टर, सुईतलंही पेनिसिलिनच आहे, ते नका देऊ. दुसरं लिहून देते,” बाई म्हणाल्या. आक्का माझा पाय धरून रडायला लागल्या. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी पुन्हा तरंगायला लागले, आणि या वेळी पिशव्यांवर नाव होतं.

आठ दिवसांनी घरी सोडलं. त्याआधी बाईंनी दोघींच्या नोंदी दुरुस्त करायला अर्ज लिहून घेतला. नोंदणीच्या खिडकीवर मी माझं पूर्ण नाव सांगितलं, चांगलं मोठ्यानं.

तुमच्याही घरात अशी नावाची उसनवारी झाली असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आक्का आता कार्ड काढायला आलेल्या बायकांना आधी आमचीच गोष्ट सांगतात. परवा एकजण म्हणाली, “आक्का, आपली चूक कशाला सांगत बसताय? कुणाला ठाव हाय?”

आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. “ही जिती हाय न्हवं? म्हणून तर सांगती.”