न बांधलेली चिंधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, पण एका अटीवर — मधेच 'जाऊ दे गं, होतं असं' म्हणायचं नाही. होत नसतं असं. मी केलं म्हणून झालं.

मी उरवड्याच्या एका शेडमध्ये लेथ चालवते, लोखंड गोल फिरवून कापायचं यंत्र. आयटीआयचा टर्नरचा कोर्स करून आले, तर मालकानं मला तयार माल पुसून खोक्यात भरायला बसवलं. का, तर बाई! मी भांडले. लेथ द्या, नाहीतर ही चालले घरी. मिळालं लेथ. शेजारच्या लेथवर शंकरदादा होते, वरच्या वाडीतून बसनं येणारे. पहिल्या दिवसापासून मला 'शोभे' म्हणायचे आणि शिकवताना कधी हातचं राखायचे नाहीत.

लोखंड कापणारं टूल होल्डरमध्ये बसवायला त्यांनीच शिकवलं. होल्डरमधली जागा आधी फडक्यानं पुसायची, मग बोटानं चाचपायची. लोखंडाचा कीस कणभर जरी खाली राहिला तरी टूल नीट टेकत नाही. मग खाली पट्ट्या घालून टूलचं टोक बरोबर जॉबच्या, म्हणजे फिरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, मध्यावर आणायचं आणि वरचे बोल्ट आवळायचे, एकही न सोडता.

आणि आमच्या शेडचा एक रिवाज होता. दुसऱ्याच्या लेथवरचं टूल हलवलं, तर परत बसवल्यावर होल्डरला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की ज्याचं लेथ तो आधी बोल्ट तपासणार, मगच सुरू करणार. चिंधी नसेल तर कशाला तपासेल? सकाळी स्वतःच तर आवळलेले असतात.

त्या दिवशी माझं पार्टिंग टूल — जॉब कापून वेगळा करतात ते पातळ टूल — तुटलं. मीच मध्याच्या खाली बसवलं होतं, घाईत. आदल्याच दिवशी कुणीतरी मला ऐकवलं होतं की बाईच्या हातात टूल टिकत नाही. तुटलंय हे कुणाला कळू द्यायचं? मेले तरी नाही! शंकरदादा जेवायला गेले होते. मी त्यांच्या होल्डरचे बोल्ट सैल केले, त्यांचं तसलंच टूल काढलं, माझ्या लेथवर लावून माझा जॉब उरकला आणि टूल परत त्यांच्या होल्डरमध्ये ठेवलं.

ठेवलं म्हणतेय — बसवलं नाही. जागा पुसली नाही. एक बोल्ट आवळला, बाकीचे नुसते बोटानं फिरवले, कारण बाहेर नळावर हात धुतल्याचा आवाज आला. आणि चिंधी? चिंधी खिळ्याला लटकत होती, हाताच्या अंतरावर. मी तिच्याकडे पाहिलं. विसरले नाही, पाहिलं. बांधली असती तर कुणीतरी विचारलं असतं, शोभे, तुझं टूल कुठाय?

शंकरदादा आले, लेथ सुरू केलं. टूल जॉबला लागलं, हललं, आत घुसलं आणि फुटलं. तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

डोळा वाचला नाही. मालक म्हणाला, वय झालं, बोल्ट आवळायचा विसरला म्हातारा. दवाखान्यात खाटेवर पट्टी बांधलेले शंकरदादा म्हणाले, "व्हय, म्याच इसरलो आसंन. दुसरं कोन हाय तितं?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

मग काय झालं सांगू? त्यांचं लेथ चांगलं होतं, माझ्यापेक्षा नवं. ते मला मिळालं. मी घेतलं.

एक कारण मी जपून ठेवलं होतं — बोलले असते तर मला काढलं असतं, आणि परत कुठल्या बाईला त्या शेडमध्ये लेथ मिळालं नसतं. ऐकायला छान आहे ना? आणि खोटंही नाही. पण दवाखान्यात माझ्या मनात कुठलीही बाई नव्हती. मी होते फक्त. ते कारण आज मीच फेकून देते, तुम्ही उचलू नका.

शंकरदादा आता भूगावला एका सोसायटीच्या गेटवर बसतात. मी भेटायला गेले की गावाहून आणलेल्या करवंदांची पुडी हातात देतात आणि दर वेळी तेच सांगतात, "बोल्ट नीट आवळत जा, शोभे. माज्यावानी नगं करूस." परवा म्हणाले, गेटचं कुलूप लावलं तरी दोनदा उठून बघतो, हातावर भरवसाच न्हाई ऱ्हायला.

डोळ्याचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं, वाहीनही. पण त्यांचा हातावरचा भरवसा? तोही मीच खाल्लाय, हे परवा त्या गेटवर कळलं.

रविवारी जाणार आहे. तिथंच, गेटवर, उभ्यानं सांगणार. मग त्यांनी हाकलावं, थुंकावं, मालकाला कळवावं. लेथ गेलं तर गेलं. मला त्यांची माफी नको, आणि तुमची तर नकोच नको.

बोल्ट शंकरदादांनी आवळले होते. सगळे. सैल मी केले.