रुमालाखालचा हात

दलालांच्या कोंडाळ्यात कुणाचं दुखणं फार दिवस दुखणं राहत नाही, त्याचा किस्सा होतो. दर गुरुवारी छावणीच्या बैलबाजारातले सौदे उरकले की आम्ही टपरीवर चहाला बसायचो, आणि माझ्या एका उजव्या हातावर तिथं इतके किस्से साठले की नवा माणूस मला नावानं नाही, हातानं ओळखायचा. सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. आता टपरीही नाही आणि कोंडाळंही पांगलं, तेव्हा स्पष्ट सांगतो, मला त्यातला एकही किस्सा हसण्यासारखा वाटला नव्हता.

आधी धंदा कळला पाहिजे. बैलाचा भाव आमच्यात तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणाऱ्याचा दलाल हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात. घेणारा समोरच्याची जितकी बोटं धरेल, तितके हजार. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. म्हणजे माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट कपाटात होतं आणि घर चालत होतं ते या पाच बोटांवर.

*

करंगळीशेजारच्या बोटाखाली, तळहातावर वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, पण जातही नव्हती. मी ती नामदेवअण्णांना दाखवली. अण्णा वैजापूरकडचे, कोंडाळ्यात सगळ्यांत वडील, आणि मला हा धंदा त्यांनीच शिकवला. बैलाचा खूर बघावा तसा त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि निकाल दिला की घट्टा आहे, कासरा धरून पडलाय, रोज गरम पाण्यात भिजवून दगडानं घासायचा.

आमच्यात म्हशींचे सौदे करणारे रहीमभाई बसायचे. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अण्णा, दलाल कब से रस्सी पकड़ने लगा?"

टपरी हसून हसून खाली आली. खरं तर दलाल कासरा धरतच नाही, बैलाचा मालक धरतो. रहीमभाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता, पण हसण्यात तो कुणी विचारातच घेतला नाही. मी सहा-सात महिने इमानेइतबारे हात घासला.

*

शेवटी बायकोनं, शांतानं, मला शहागंजातल्या एका डॉक्टरांकडे ढकललं. भले गृहस्थ होते. त्यांनी माझा हात त्यांच्या टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. तो सपाट बसला. मग त्यांनी समजावलं की कातडीखालचा पडदा जाड होतोय, पुढं तो दोरीसारखा ताणेल आणि बोट आत ओढेल. आज कापण्यात अर्थ नाही. पण ज्या दिवशी तळहात टेबलाला पूर्ण टेकणार नाही, त्या दिवशी उठून यायचं, उशीर करायचा नाही.

मी हे टपरीवर सांगितलं आणि दर गुरुवारचा कार्यक्रमच होऊन बसला. चहाआधी मी टपरीच्या फळीवर हात पालथा ठेवायचा, अण्णांनी वाकून बघायचं, बाकीच्यांनी अण्णांच्या खांद्यावरून बघायचं. "टेकला रं. पी चहा," असं अण्णा म्हणाले की चहा यायचा. वर्षभर माझा हात टेकत होता.

एका रात्री जेवून उठताना मी घरच्या शहाबादी फरशीवर हात टेकला आणि बघतच राहिलो. तळहाताखालून लिंबू गेलं असतं. दुसऱ्या गुरुवारी आधी टपरीच्या फळीकडं नीट बघितलं. उन्हापावसानं ती मधोमध फुगून वर आली होती. माझा वाकडा हात तिच्यावर चपखल बसत होता.

मी अण्णांना ते दाखवलं. ते म्हणाले, "मंग फळी बघायची व्हती ना तू आधी. हात तुझा हाय." यावरही सगळे हसले, आणि माझ्या हातातलं एक वर्ष गेलं ते गेलंच.

*

मी डॉक्टरांकडे जाणार, तोच सुमनचं, माझ्या मुलीचं, स्थळ आलं. तोवर दोन बोटं आत वळली होती. तोंड धुताना करंगळी नाकात जायची. बैठकीत मी पानाचं तबक पुढं केलं तेव्हा नवऱ्या मुलाचे चुलते माझ्या हाताकडंच बघत होते. त्यांनी मध्यस्थाच्या कानाशी लागून विचारलं, महारोग तर नाही ना? कानाशी लागून विचारलं, पण माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. त्या लोकांनी आमच्या घरच्या चहाला हात लावला नाही. महारोग असला तरी तो औषधानं बरा होतो, हे त्या खोलीत कुणी म्हणालं नाही.

मध्यस्थानं कसंबसं सावरून नेलं. पण मला दवाखान्यात ढकलणारी शांताच आता दारात आडवी झाली. लग्न होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही. तिथल्या बाकावर बसलेलं कुणी बघितलं तर पोरगी घरात राहील. मी अण्णांना विचारलं. त्यांचं म्हणणं शांतासारखंच.

"लगीन होस्तवर हात रुमालात ठेव," ते म्हणाले. "आपल्याला काय, सवयच हाय त्याची."

बैलानं शिंग मारलं असं सांगत मी हाताला रुमाल गुंडाळून फिरलो. त्यात मुलाचे आजोबा वारले आणि लग्न वर्षभर पुढं गेलं. लग्नात कन्यादानाला तो रुमाल सोडावा लागला. भटजी पाणी सोडत म्हणाले, ओंजळ घट्ट धरा. माझी धरलेलीच होती. एक थेंब सांडला नाही. भटजींनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं.

*

लग्नानंतरच्याच एका गुरुवारी लासूरकडचा एक शेतकरी खिल्लारी जोडी घेऊन आला. जोडी पाच हजारांच्या खाली द्यायची नाही असं त्यानं मला बजावलं होतं. नगरकडचा व्यापारी आला, आम्ही हातात हात घेतले, रुमाल पडला. त्यानं माझी तीन बोटं धरली. पण माझी वळलेली दोन बोटंही त्याच्या मुठीत दाबली गेली आणि मला वाटलं त्यानं अख्खा पंजा धरलाय. मी म्हणालो, मंजूर.

रुमाल निघाला आणि त्यानं तीन हजार पुढं केले. बाजाराचा नियम असा की रुमालाखाली मंजूर म्हटल्यावर वर तोंड उघडायचं नाही. ज्यानं उघडलं त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. मी तोंड उघडलं नाही. शेतकऱ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडून खांद्यावर टाकल्या आणि व्यापाऱ्याच्या हातात कासरा दिला. वरचे दोन हजार मी नंतर पदरचे त्याच्या घरी नेऊन दिले. त्यानं ते घेतले, पण बस म्हणाला नाही.

टपरीवर मात्र त्या दिवशी किस्सा तयार झाला. एक जण म्हणाला, याच्याशी सौदा करायचा म्हणजे दोन हजार फुकट मिळतात. मी चहा तसाच ठेवून उठलो. पुढच्या गुरुवारपासून लोक मला टाळायला लागले. रुमाल काढला की समोरचा तंबाखू मळायला लागायचा.

*

मग मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जननं हात बघितला, करंगळी उघडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. किती दिवस झाले विचारलं. मी म्हणालो, गाठ आल्यापासून चार वर्षं.

"आणि थांबायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "सगळ्यांनी."

त्यांनी साफ सांगितलं. शेजारचं बोट सरळ होईल. करंगळीचा सांधा आखडून गेलाय, ती निम्मीच उघडेल, आणि त्याचीही हमी नाही. हात टेकेनासा झाल्याबरोबर आला असतात तर दोन्ही बोटं वाचली असती. मला फार राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना. फळीवर काढायचा की व्याह्यांवर?

ऑपरेशन झालं. रहीमभाई खजूर घेऊन दोनदा येऊन गेले. अण्णा आले नाहीत. ज्या माणसानं चार वर्षं माझ्या हाताचा तमाशा केला, त्याला पलंगापर्यंत यायला जमलं नाही, हे मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं. आता त्यांचं तोंड बघायचं नाही, असं मी शांताला सांगून ठेवलं.

*

टाके निघाल्यावर पहिल्या गुरुवारी मी बाजारात गेलो. अण्णांना टाळून पुढं निघालो होतो. तेच आडवे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आन हात."

कोंडाळं जमलं. म्हातारा आता शागिर्दाच्या नव्या बोटांची परीक्षा घेणार म्हणून सगळे खुशीत आले. अण्णांनी माझे दोन्ही हात धरले आणि वरून आपला रुमाल टाकला. आमच्यामध्ये बैल नव्हता, सौदाही नव्हता.

रुमालाखाली त्यांनी माझा डावा हात ओढून आपल्या डाव्या तळहातावर ठेवला. माझ्या अंगठ्याला गाठ लागली. गाठीवरून वर जाणारी ताठ दोरी लागली. त्या दोरीनं आत ओढलेलं बोट लागलं. मी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. ते पलीकडच्या बैलांकडं बघत होते.

मी हळूच विचारलं, "किती वर्षं?"

त्यांनी उजव्या हातानं माझी चार बोटं धरली. मग अंगठाही धरला.

"क्या अण्णा, हुआ क्या सौदा?" रहीमभाईंनी लांबून विचारलं.

अण्णांनी रुमाल काढला, झटकला, घडी करून खांद्यावर टाकला. डावा हात सदऱ्याच्या खिशात गेला. माझ्याजवळ वाकून ते म्हणाले, "कुनाला बोलू नगं. नातीचं जमू लागलंय."