डूनारा किल्ल्याचं छप्पर

बेटाच्या खाडीतल्या खडकावरच्या डूनारा किल्ल्यात शेवटपर्यंत राहिली ती ऊना. तिचा बाप तिथला पहारेकरी. कुळाचे सरदार एडिनबराला राहायला गेले, शिपाई पांगले, आणि बापामागे चाव्यांचा जुडगा ऊनाच्या कमरेला आला. सरदारांच्या कारभाऱ्याने तिला बजावलं होतं, आतल्या एका वस्तूला जरी हात लागला तरी खडकावरून चालतं व्हायचं.

ऊनाचा स्वभाव मुळातच घोर लावून घेण्याचा. नवरा लाखलन समुद्रावर गेला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या नोव्हेंबरात एकदा दुपारीच अंधारून आलं. हेरिंग मासळीमागे गेलेल्या होड्यांपैकी एकही परतली नव्हती. नैर्ऋत्येचा वारा असा सुटला की लाटांचं पाणी खिडकीतून आत उडू लागलं. सासू बेहाग चुलीपाशी विणत बसली होती. तिचे दोन्ही मुलगे बाहेर होते, लाखलन एका होडीवर, धाकटा टॉर्मोड दुसऱ्या. ऊना सारखी जिना चढत होती, उतरत होती. बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

बेहागने सुया खाली ठेवल्या. "तुझा बाप अशा वेळी वरच्या दालनात जाळ करायचा."

"तेव्हा सरदारांसाठी जहाजानं लाकूड यायचं, आई. आपल्याकडे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या ढेपा. नुसत्या धुमसतात."

"वर लाकूड नाही का?"

ऊनाने वर पाहिलं. बेटावर झाड औषधालाही नव्हतं. लाकूड होतं ते सरदारांच्या दालनात.

"कारभारी हाकलून देईल आपल्याला," ती म्हणाली.

"देईल," बेहाग म्हणाली आणि कुऱ्हाड कुठे आहे ते सांगितलं.

आधी खुर्च्या गेल्या, मग लांब मेज. समुद्राकडच्या खिडकीची झडप उघडताच वारा आत घुसला, ठिणग्या उडाल्या आणि ओकच्या तुळयांनी पेट घेतला. ऊना सासूला पाठीवर घेऊन खालच्या दगडी कोठीत उतरली. डोक्यावर छप्पर कडाडत कोसळत होतं. लाखलनला हा उजेड दिसेल की नाही, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

उजेड समुद्रावर दूरवर दिसला. एकेक होडी खाडीत शिरली. लाखलन आला. टॉर्मोडची होडी आली नाही.

वसंतात कारभारी आला. गावकऱ्यांनी वीज पडल्याचं सांगायचं ठरवलं होतं, पण ऊनाच्या जिवाला तो घोर आणखी झेपणार नव्हता. तिने जुडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी जाळलं."

त्याने त्यांना त्याच दिवशी खडकावरून काढलं. ज्यांच्या होड्या परतल्या होत्या त्यांनी किनाऱ्यावर त्यांना झोपडं बांधून दिलं. लाखलनने विचारलं, "आई, इथून खाडी दिसते. दार दुसरीकडे करू का?"

"राहू दे," बेहाग म्हणाली. वारा उठला की दोघी सासूसुना त्या दारात येऊन बसत. ऊनाच्या कमरेला आता जुडगा नव्हता, तरी तिचा हात तिथेच जायचा.