खापरोळ्यांपुरतं दूध

मुलं रिक्षात बसून शाळेला गेली की आमच्या घरात जरा शांतता येते. त्या दिवशी एका शेगडीवर दूध तापत ठेवलं होतं, दुसरीवर कुकर होता, आणि मी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात दारावर धडधड झाली. बेल आहे, पण ती कुणी वाजवली नव्हती, म्हणजे येणाऱ्याने कोपराने नाहीतर पायाने दार वाजवलेलं असणार.

"सुमन, उघड ग! हात रिकामा नाही माझा."

समोरच्या बिऱ्हाडातल्या पद्माकाकू होत्या. डाव्या हातात झाकलेलं पातेलं. उजवा हात पोटाशी धरलेला, दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून धरतात तसा. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू.

त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवून झाकण काढलं. आत पांढऱ्या गुठळ्या, आणि वर पिवळसर तेलाचा तवंग.

"नासलं का हो दूध?" मी विचारलं.

"हे म्हशीचं नव्हे, नारळाचं आहे. डब्यातलं. वंदनाने काल तापवलं."

मला हसू आलं ते मी दाबलं, पण काकूंनीच आधी हसून घेतलं. मग लगेच म्हणाल्या, "तिला काही बोलायचं नाही हं. बिचारीने माझ्या सोयीसाठी केलं."

झालं होतं असं. वंदना काकूंची सून. माहेर इथलंच, हैदराबादेतल्या दिलसुखनगरचं. बँकेत नोकरी करते. मुलगा केदार कंपनीच्या कामाला महिना महिना बाहेरगावी असतो. वंदनाच्या माहेरी काय किंवा आमच्या घरी काय, स्वयंपाकात नारळ म्हणजे सुकं खोबरं. तीळ, शेंगदाणे, खसखस यांच्याबरोबर भाजून वाटायचं. ओल्या नारळाचं दूध काढणं आमच्या कुणाच्या घरात नव्हतं. काकू मात्र कुडाळकडच्या. लग्न होऊन जामबागेत आल्याला पस्तीस-चाळीस वर्षं झाली, यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली, पण सणाला त्यांच्या घरी खापरोळ्या होतातच. तांदूळ-उडदाचे जाड, जाळीदार घावन, आणि वर गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध. खवणीवर बसून नारळ खवायचा, वाटायचा, मग फडक्यात घालून पिळायचा. तो पिळा आता त्यांना जमणार नव्हता.

वंदनाला पंजागुट्ट्याच्या एका नव्या दुकानात नारळाच्या दुधाचे डबे दिसले होते. तेव्हा नुकतीच अशी दुकानं निघाली होती, जिथे आपणच गाडी ढकलत फिरायचं आणि फळीवरून हवं ते उचलायचं. तिने दोन डबे आणले. सासूला उघडायचा त्रास नको म्हणून रात्री एक उघडून ठेवला. आणि विकतचं दूध घरात आलं की आधी तापवायचं, या आपल्या सगळ्यांच्या सवयीप्रमाणे ते पातेल्यात ओतून गॅसवर चढवलं. वर येईना म्हणून आच वाढवली. वर येतंय कसलं! नारळाचं दूध फुटलं. सकाळी तिला बँकेची घाई. पातेलं झाकूनच ती निघून गेली.

"आणखी एक डबा आहे ना? मग झालं," मी म्हटलं.

"आहे की. फ्रिजमध्ये आहे. मला तो उघडता येत नाही, सुमन. सकाळपासून झटते आहे. डाव्या हाताने कटर दाबला तर डबा सरकतो, आणि उजव्याने डबा धरवत नाही." मग खुर्चीवर बसून त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. "दत्ता येतोय दुपारी."

दत्तोबा त्यांचा धाकटा भाऊ. तिरुपतीला निघाला होता, वाटेत एक दिवस बहिणीकडे. पण परतताना तो त्यांना घेऊन जायचं म्हणत होता. वंदनाने फोनवर त्याला सांगितलं होतं, आई दिवसभर एकट्या असतात, हात असा, मला ऑफिसात सुचत नाही. तिचं खोटं नव्हतं.

"चांगलंच आहे की," मी म्हटलं. "चार महिने माहेरी आराम."

"चार महिने कुठले ग! या वयात एकदा आपल्या ओट्यावरून उठलं, की परत आल्यावर आपण पाहुणे. तिथे भावजयीच्या घरात पाहुणी, इथे सुनेच्या घरात पाहुणी. मला हात नाही असं दत्ताला वाटतंय. त्याला मी जेवायला घालणार आहे. पीठ आंबलंय छान. दूध तेवढं हवं."

गॅस बंद करून मी त्यांच्याकडे गेले. डबा उघडला, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वर साजूक तुपासारखा घट्ट थर, चमचा उभा राहील असा. थर बाजूला केला तर खाली निव्वळ पाणी.

"अगं बाई! पाणी घालून विकायलेत मेले," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांची बोलीही आमच्यासारखीच झाली आहे, रागावल्यावर तर जास्तच.

मी डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. थंडीत थर जमतो, उघडण्याआधी हलवावा, उघडल्यावर डब्यात ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. वाचून दाखवलं तशा काकू थांबल्या. बोटाने तो थर चाखला, मग खालचं पाणी चाखलं.

"फसवलं नाही कुणी. पहिल्या पिळ्याचं वर आलंय, दुसऱ्याचं खाली बसलंय. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसंच हे. पातेल्यात काढून कोमट पाण्यात ठेव."

परातीत कोमट पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं. काकू डाव्या हाताने रवी फिरवत बसल्या. हळूहळू थर विरघळला आणि दूध एकसारखं झालं, सायीच्या ताकाएवढं दाट.

"ताज्याचा वास नाही. पण नारळच आहे," त्यांनी निवाडा दिला.

गूळ त्यांनी थोड्या पाण्यात वेगळा विरघळवला होता, तो पूर्ण निवल्याशिवाय दुधात घालू दिला नाही. चिमूटभर मीठ, वेलची. चव घेतली, पुन्हा थोडी वेलची. गूळ घालण्याआधीच खापरोळ्यांपुरतं दूध बाजूला काढून उरलेलं मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतलं होतं. गोठलं की वड्या पिशवीत भरून ठेवायच्या, आमटीत एक-दोन टाकता येतात, असं मी सुचवलं. काकूंना ते इतकं पटलं की तो ट्रे त्यांनी स्वतः नेऊन ठेवला. रात्रीचं फुटलेलं दूधही टाकलं नाही. "तेल सुटलंय, बिघडलं काही नाही," म्हणत त्यांनी ते भोपळ्याच्या भाजीत घातलं.

दत्तोबा आले ते पिशवीभर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि चार नारळ घेऊन. मोठ्या आवाजाचे, हसरे गृहस्थ. मी जायला निघाले तर काकूंनी बसवून घेतलं. तवा त्यांनी डाव्या हातानेच सांभाळला. एक खापरोळी तव्याला चिकटली, एक वेडीवाकडी झाली, बाकीच्या जाळीदार उतरल्या. दत्तोबांनी चार खाल्ल्या. पाचवी वाढताना त्यांनी विचारलं, "ताई, तुझो हात असो, मग दूध कोणी काढल्यान गो?"

"कुणी नाही. डब्यातलं आहे. डबाही सुमनने उघडून दिला."

घास तोंडाशी नेता नेता ते थांबले. "डब्यातला? नारळाचा दूध डब्यातसून?" मग मोठ्याने हसले. "कोकणातली माणसा नारळाच्या झाडाखाली मरतत, आणि हैदराबादवाले डब्यातला पितत!"

"पी की मग. पाचवी खातोयस."

"वाईट नाही," ते म्हणाले, आणि पाचवीही संपवली. पण हात धुऊन आल्यावर पुन्हा तेच. "तरी तू चलच. परतताना तुका घेऊन जातंय. हातान डबोसुद्धा फोडूक जमणा नाय, हेका घर चालवणा म्हणतत?"

काकू उठून ताटं गोळा करू लागल्या.

संध्याकाळी वंदना आली. मी चहाचं आधण ठेवायला त्यांच्याकडेच होते. खापरोळ्या झाकून ठेवलेल्या बघून ती चपापली. "आई, दूध? ते तर मी—"

"दुसरा डबा होता ना. सुमनने उघडला."

वंदना मामांसमोरच खाली बसली. "माझंच चुकलं मामा. मी गॅसवर ठेवलं. हौ, मला वाटलं दूध आहे तर तापवायलाच पाहिजे." मग सासूकडे वळून म्हणाली, "तुम्ही एकट्याच तव्याजवळ उभ्या राहिलात? भाजलं असतं तर? याच्यासाठीच मी मामांना बोलावलं. माझा तिकडं बँकेत जीव लागत नाही."

"भाजलं नाही," काकू म्हणाल्या. "एक चिकटली."

दत्तोबा वैतागले. "सून काळजी करता, भाव न्हेवक इलो, आणि तू हलाचा नाव घेणस नाय. मग तुका होया तरी काय, ता तरी सांग!"

काकूंनी चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही.

"वंदना, तू सकाळी निघतेस ना, तेव्हा मला जे उघडायचं असेल तेवढं उघडून देत जा. बाकीचं मी करते."