घाटावरचा उलटा व्हॉल्व्ह

"चांगुणामाय, आमच्या नळाचा आज घसा बसलाय का काय?"

बायनाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन रस्त्यातच आडवी उभी राहिली. तिच्यामागं खालच्या गल्लीतल्या पंधरा-वीस बाया. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या डोक्यावर उपडं पातेलं.

"सातलाच सोडलंय म्या," चांगुणाबाई म्हणाली. "बाजाराकडचा व्हॉल्व्ह बंद केला, तुमच्याकडं सोडलं. पाणी यायलाच पायजे."

"यायला पायजे, हे आमालाबी कळतंय. पर नळातनं नुस्ती हवा यायलीय. शिट्टी वाजायलीय माय, शिट्टी! नाचू का तिच्यावर?"

"नाच की. हलगी आणू का?"

बाया हसल्या, पण अर्धवट. पाण्याच्या दिवशी पाणी आलं नाही तर पुढचा दिवस आठ दिवसांनी येतो.

चांगुणाबाई वाव्हळे. वय बावन्न. करंजतळं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायचं-मिटायचं काम. नवरा सूर्यभान याच कामावर होता. तो गेला तेव्हा "तात्पुरती म्हणून या" असं साहेबांनी सांगितलं. त्याला चौदा वर्षं झाली, चार साहेब बदलले, बाई अजून तात्पुरतीच. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ती चावी घेऊन ती टेकडीवरच्या टाकीपासून खालच्या गल्लीपर्यंत रोज दोनदा चालते, तेव्हा करंजतळं अख्खं तिच्या पायाखालून जातं.

आणि करंजतळं आहे तरी केवढं? सेलूहून एसटीनं तासाभराची वाट. वरच्या अंगाला टेकडी, तिथं टाकी, कचेऱ्या, नव्या कॉलन्या. मधे बाजारपेठ आणि कापसातली सरकी काढणारं जुनं जिनिंग. आणि खाली तळं. तळ्याला लागून मोमीनपुरा, भोईवाडा आणि धम्मनगर. तिन्ही मिळून खालची गल्ली. पाहुणे येतात, पाण्यावर उतरलेले बगळे बघतात आणि म्हणतात, "तुम्हाला बुवा पाण्याची चैन!" चैन अशी, की अख्ख्या गावाला आठ दिवसांतून एकदा चाळीस मिनिटं नळ. तळ्यातलं पाणी पंपानं टेकडीवर जातं, तिथं गाळलं जातं आणि परत खाली येतं. ज्यांच्या दारात तळं, त्यांच्याकडं ते सगळ्यात शेवटी येतं.

खालच्या गल्लीचा पाइपही जगावेगळा. निजामाच्या काळात तळ्याच्या खालच्या काठाला तालुकदाराची पागा होती. घोड्यांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून बिडाचा पाइप घातला, घाटाच्या कडेकडेनं, थेट पागेपर्यंत. तेव्हा चांगुणाबाईची सासू सात-आठ वर्षांची होती. तिच्या माणसांना घाटाला पाय लावायची बंदी. वरच्या पायरीवरून कुणी दया येऊन ओतलं तर घागर भरायची. सासू सांगायची, "आमी उन्हात वाट बघत बसलेलो, आन् समोर घोडे नळाचं पाणी प्यायचे." पुढं निजाम गेला, तालुकदार गेला, घोडेही गेले. पाइप राहिला. मग गल्लीतल्या माणसांनी स्वतः खणून त्याला घरोघरी तोट्या जोडल्या. कुणी दिल्या नाहीत. ज्यांनी अडवलं, त्यांना जुमानलं नाही.

तर त्या पाइपात आता हवा होती.

चांगुणाबाईनं टाकीपासून सुरुवात केली. चार पावलं चालायची, चावी जमिनीला टेकवायची आणि वरच्या दांड्याला कान लावायचा. पाणी वाहत असलं की लोखंडातून घूं असा आवाज येतो, चुलीवरच्या आधणासारखा. सूर्यभाननं तिला शिकवलेलं. टाकीपाशी आवाज. जिनिंगपाशी आवाज. बाजाराच्या कोपऱ्यावर आवाज. घाटाशी आली, चावी टेकवली, कान लावला.

काहीच नाही.

तिनं मान वर केली. समोर मोठमोठी अक्षरं: 'माझं करंजतळं'. मधे माणसापेक्षा उंच लाल बदाम. त्याच्यापुढं फोटो काढायला चकचकीत फरशीचा ओटा. सगळ्यावर निळं प्लास्टिक, कारण उद्घाटन व्हायचं होतं. लेक सुकेशनीच्या बाळंतपणाला चांगुणाबाई पंधरा दिवस गंगाखेडला गेली होती, कालच परतलेली; तेवढ्यात हे उगवलेलं. आणि ओट्याच्या पोटात, बरोबर बदामाखाली, खालच्या गल्लीच्या व्हॉल्व्हचं चेंबर.

ओट्याचं काम पप्पू मिस्त्रीचं. तो पलीकडं कठड्याला सिमेंट लावत होता.

"पप्पू, इथलं चेंबर कुठं गेलं?"

"खालीच हाय की मावशी. आमी काय खाल्लं का त्याला?"

"आन् व्हॉल्व्ह?"

"उघडा ठिवून वर स्लॅब टाकला. तेवढी अक्कल हाय मला. पुन्हा कुणाला हात लावायची गरज पडू न्हाई म्हणून पुरा उघडला."

"कोणीकडं फिरवलास?" चांगुणाबाईनं विचारलं.

"डावीकडं. उघडायला फिरवतेत तसा. लय फिरला बघा, वीस-एकवीस फेरे. म्या म्हणलं, बरं झालं, अर्धवटच होता बिचारा."

ती तिथंच ओट्यावर टेकली. "आरं माझ्या कर्मा! तो उलटा हाय रं. गावातले सगळे डावीकडं उघडतेत, हा एकटा उजवीकडं उघडतो. निजामाच्या टायमापासून तसाच हाय. पुरा उघडा होता तो. तू एकवीस फेरे मारून बंद केलास!"

पप्पूच्या हातातली थापी खाली आली. "मग आता?"

"आता फोड."

"मी? मावशी, महारुद्रभाऊ मलाच फोडतेल."

महारुद्रभाऊ नगरसेवक. बदाम त्यांच्या डोक्यातून आलेला.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शुभदा मॅडम बसायच्या. नवीन अभियंता, वय सत्तावीस-अठ्ठावीस, नाशिककडच्या. टेबलावर टॅब, टॅबवर शहराच्या सगळ्या पाइपांचा नवाकोरा नकाशा. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, घाटावर आणला.

"इथं व्हॉल्व्ह दाखवत नाहीये, मावशी."

"त्याला दिसंना, तर मी काय करू?"

"म्हणजे सर्व्हे झाला तेव्हा..."

"सर्व्हेवाली पोरं उन्हाचं खाली उतरलीच न्हाईत मॅडम. बाजारात उसाचा रस पिली आन् गेली. मीच होते ना संगं."

मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या उठल्या, घाटावर आल्या, ओट्याभोवती दोन चकरा मारल्या. तेवढ्यात महारुद्रभाऊही आले, पांढऱ्या गाडीतून.

"चांगुणाबाई, तुमचं म्हणणं पटतंय मला," भाऊ म्हणाले. त्यांची ही खोडच. आधी पटतं. "पण मंत्रीसाहेबांची तारीख मिळायलीय. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी फोडू. मी स्वतः टिकाव मारतो."

"तारीख कवा मिळणार?"

"आज-उद्या."

"तवर गल्लीनं काय प्यायचं?"

"टँकर देतो की! रोज देतो."

टँकर आला. गल्लीत वळेना म्हणून तोंडाशीच थांबला. नळी जेमतेम सहा घरांपर्यंत पोचली, पुढच्या घरांनी रांगेत भांडणं केली. दुसऱ्या दिवशी टँकर दुपारी आला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. भोईवाड्यातल्या बाया तळ्याचं पाणी फडक्यानं गाळून भरायला लागल्या, आणि चार-पाच घरांत लेकरांना जुलाब सुरू झाले. पाण्याचा पुढचा दिवस आला. चांगुणाबाईनं नेमानं टाकीवरून पाणी सोडलं, नळांनी पुन्हा शिट्टी वाजवली. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. सोळा दिवस झाले. तारीख मिळतच होती.

त्या दुपारी तिनं सुकेशनीला फोन लावला. "मी सांगते तसं लिही आन् मोबाइलवर धाड. नीट अक्षरात."

"काय लिहू, आई?"

"लिही, माननीय मुख्याधिकारी. घाटावरच्या ओट्याखाली खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत गाडला गेला हाय. येत्या रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता मी तो ओटा फोडून व्हॉल्व्ह उघडणार हाय. कुणाला यायचं आसंल त्यानं यावं."

"आई! अर्जात असं लिहितात का? विनंती लिहितात. 'तरी कृपया परवानगी मिळावी.'"

"इनंती सोळा दिस केली. आता हे लिही."

"काम जाईल तुझं."

"जाईल."

कुरकुरणाऱ्या बाळाला थोपटत सुकेशनी म्हणाली, "'अवस्थेत' लिहू का 'स्थितीत'?"

"पाणी ज्यानं लवकर येईल ते लिही."

प्रिंट काढून तिनं पत्र ऑफिसात पोचवलं. शिक्का मारून घेतलेली प्रत तिनं पदरात बांधली.

रविवारी बाजार घाटावरच्या रस्त्यापर्यंत पसरलेला असतो. वांगी, मिरच्या, सुकट, बांगड्या, सगळं. टाकीवरून खालच्या गल्लीचं पाणी सोडून चांगुणाबाई आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर चावी होती, दुसऱ्या खांद्यावर घण. भाजीवाल्यांनी आपणहून वाट दिली. खालची गल्ली तर झाडून सारी जमलेली. महारुद्रभाऊ ओट्यावर उभे, हातात माइक, बाजूला दोन पोलीस. शुभदा मॅडम खाली, कठड्याला टेकून.

"बंधू-भगिनींनो," भाऊंनी सुरू केलं, "हा बदाम म्हणजे आपल्या शहराची शान आहे. विकासाला विरोध करणारी काही मंडळी..."

"बदाम पिकला का भाऊ?" बायनाबाई मधूनच ओरडली. "आमाला वाटी-वाटी रस द्या, पाणी तर न्हाईच!"

बाजार हसला. भाऊ बोलत राहिले, शहराचा इतिहास, तळ्याचा इतिहास, आपले पूर्वज. चांगुणाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, पूर्वज झाले आसतेल तर खाली उतरा. पायाला लागंल."

"हात लावून दाखवा!"

"लावते की. त्याच्यासाठीच आले."

पोलिसांपैकी वयानं मोठा होता तो पुढं झाला. "बाई, कशाला? समजून घ्या."

"साहेब, माझी सासू ह्या घाटावर उन्हात बसायची, कुणी वरून ओतावं म्हणून. आता तुमी मला सांगायलाव, तारीख मिळंपर्यंत बसा. तिनं बसून काढलं. मी न्हाई बसणार. धरायचं तर धरा, पर आधी व्हॉल्व्ह उघडू द्या, मग धरा."

पोलिसानं भाऊंकडं पाहिलं. भाऊंनी मॅडमकडं. शुभदा मॅडम कठड्यावरून उठल्या. त्यांचा आवाज गर्दीत सगळ्यांना पोचला. "तांत्रिकदृष्ट्या व्हॉल्व्हवर बांधकाम करता येत नाही. मी तसं लेखी दिलंय. परवा."

"परवा दिलंत आन् आज सांगायलाव?" चांगुणाबाई म्हणाली. "बरं. सांगितलं तर खरं."

पहिल्या घावाला फरशी तडकली. दुसऱ्याला घण निसटला. ती फुटक्या फरशीवर गुडघ्यावर आली, पुन्हा उठली. तिसऱ्या घावाआधी पप्पू मिस्त्री गर्दीतून आला, त्यानं तिच्या हातातून घण काढून घेतला.

"मावशी, सरका. इथं सळई न्हाई घातलेली, हितून फोडू."

"सळई न्हाई घातली?" भाऊ ओरडले.

"तुमीच म्हणलाव ना भाऊ, फोटोपुरतं कर."

अर्ध्या तासात भोक पडलं. चांगुणाबाईनं चावी आत सोडली, चौकोनी तोंड बसलं. उजवीकडं. गंजलेल्या लोखंडानं कण्हून दाखवलं. एक फेरा. दोन. पप्पूनं दांड्याचं दुसरं टोक धरलं. बाया मोठ्यानं फेरे मोजायला लागल्या, बांगडीवालीनंही मोजले. एकविसाव्या फेऱ्याला चावी थांबली.

चांगुणाबाईनं दांड्याला कान लावला. मग शुभदा मॅडमला खुणेनं बोलावलं. "या. लावा कान."

मॅडम फुटक्या फरशीवर वाकल्या. भुवया वर गेल्या. "आधणासारखं."

"हाव. आता टॅबात लिहून घ्या. उजवीकडं उघडतो म्हणून."

खालून, गल्लीच्या टोकाकडून, कुणीतरी बोंब मारली. मग दुसऱ्यानं. घाटावरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उताराला लागल्या, आणि बायनाबाई सगळ्यांच्या पुढं होती.

दुपारी तीन वाजता ऑफिसात पंचनामा. मुख्याधिकारी, महारुद्रभाऊ, शुभदा मॅडम, मोठा पोलीस, लिहायला क्लार्क. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. चांगुणाबाईला उद्यापासून कामावर येऊ नये अशी तोंडी तंबी, लेखी मागाहून.

"चावी जमा करा," मुख्याधिकारी म्हणाले.

तिनं भिंतीला टेकवलेली चावी पुढं केली. "घ्या. नगरपालिकेची हाय. कान माझा हाय, तो घेऊन जाते."

"माफी लिहून दिली तर," भाऊ हळूच म्हणाले, "मी बघतो काहीतरी. एक ओळ लिहा. रागाच्या भरात झालं."

"रागाच्या भरात?" ती खुर्चीत पुढं सरकली. "भाऊ, चार दिस आधी कळवून कुणाला राग येतो का? ओ क्लार्कसाहेब, तसलं काही लिहू नका. माझं पुरं नाव लिहा. चांगुणाबाई सूर्यभान वाव्हळे, राहणार धम्मनगर. पूर्ण विचार करून फोडला, आसं लिहा. आन् खाली लिहा, पुन्हा झाकला तर पुन्हा फोडणार."

क्लार्कनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी खिडकीकडं. "त्या म्हणतायत तसं लिहा," शुभदा मॅडम म्हणाल्या.

लिहून झालं. तिनं कागद दोनदा वाचला. एका जागी 'वाव्हळे'तला व राहिला होता, तो दुरुस्त करून घेतला. मग एकेक अक्षर जुळवत सही केली आणि कागद परत दिला.

"याची एक झेरॉक्स द्या," ती म्हणाली. "घरी भिंतीला लावायचीय."