‘छान’ म्हणणाऱ्याने कप धुवायचे

श्रीरंग काका गेल्याची बातमी आमच्या वाचन ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी लंडनजवळ स्लाऊच्या ऑफिसात डबा खात होते. केदारने लिहिलं होतं, ‘काका आज सकाळी हॉस्पिटलमध्ये शांतपणे गेले.’ माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शांतपणे? त्या माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट शांतपणे केली होती का? खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, ‘वाचनाचा दीपस्तंभ विझला.’ हे वाक्य काकांच्या समोर कुणी बोललं असतं तर त्यांनी त्याला कोट हातात देऊन दार दाखवलं असतं. मी काहीच लिहिलं नाही. दीड वर्ष मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि कारण काकाच होते.

लंडनमध्ये स्टॅनमोरला त्यांच्या फ्रंट रूममध्ये महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही जमायचो. काका तरुणपणी पुण्याहून इंजिनीअर म्हणून आले, इथेच रिटायर झाले, आणि उरलेला सगळा वेळ पुस्तकांशी भांडण्यात घालवला. रेडिएटरशेजारच्या उंच पाठीच्या खुर्चीत ते बसायचे. एकाने एका पुस्तकावर बोलायचं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं, त्यात बघायचं नाही. आणि एक शब्द त्या घरात बंद होता... ‘छान’. जो ‘छान’ म्हणेल त्याने त्या दिवशीचे सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. डिशवॉशर होता, पण कप त्यात घालायला मनाई होती. शिक्षा हातानेच भोगायची. नवीन माणसाला हा नियम गमतीचा वाटायचा. मलाही वाटला होता, पहिले दोन महिने.

मी उमरखेडची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी जी काही आहे ती शाळेतल्या बाईंमुळे, स्कॉलरशिपमुळे आणि तालुक्याच्या वाचनालयामुळे आहे, आणि हे मी रोज स्वतःला सांगते. गाजलेल्या जुन्या कादंबऱ्या शिकलेल्या माणसाने वाचलेल्या असतात, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून इंग्लंडला आल्यावर मी त्या कौन्सिलच्या लायब्ररीतून एकेक करून आणल्या. पहिल्यांदा बोलायची पाळी आली तेव्हा एका जमीनदार घराण्याच्या जाडजूड कादंबरीवर मी बराच वेळ बोलले, आणि शेवटी म्हणाले, “खूपच छान आहे.” सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, “सुनीता, तू हे पुस्तक वाचलंस की त्याचे आभार मानलेस?”

मी उठून किचनमध्ये गेले. सगळ्यांचे कप धुतले.

काकांना कुठलंच पुस्तक आवडत नव्हतं, असं मी म्हटलं तर केदार म्हणेल, तू अन्याय करतेस. पण मी ऐकलेलं सांगते. जुन्या कादंबऱ्यांबद्दल ते म्हणायचे, “तीनशे पानं दिवाणखान्यात बसून लग्नं जमवतात. माझी सदाशिव पेठेतली आत्या जन्मभर तेच करत होती, तिला कुणी क्लासिक म्हटलं नाही.” कादंबरीतली बाई क्षयाने मरायला लागली की ते घड्याळ बघायचे. इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांवर तर त्यांचा खास राग. “हा एअरपोर्टवरचा इतिहास. विमान उतरायच्या आत साम्राज्य बुडालं पाहिजे, म्हणजे प्रवाशाला ते सीटच्या खिशात विसरता येतं.” आणि कुणी काहीही विधान केलं की त्यांचा एकच शब्द यायचा... “कशावरून?” केदार लंडनला बँकेत नोकरी करतो, दिवसभर मोठमोठ्या साहेबांसमोर बोलतो. तोसुद्धा त्या एका शब्दाने तोतरा व्हायचा आणि मग “काका यू आर राइट, यू आर राइट” करत बसायचा. खरं सांगायचं तर काका पुष्कळदा बरोबरच असायचे. त्याचाच मला जास्त राग यायचा. माणूस चुकीचा असेल तर त्याला विसरता येतं.

मग तो रविवार आला. मी माझं स्वतःचं एक पुस्तक नेलं होतं. एका किल्ल्याच्या वेढ्याची हकीकत, साध्या मराठीत, सामान्य वाचकांसाठी लिहिलेली. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा बक्षीस मिळालं होतं. पाठ्यपुस्तकं सोडून आमच्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. बाबांनी त्याला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं, त्यावर अजून अर्धा गणपती दिसतो. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांना अक्षरओळख होती, पण सलग वाचणं जमत नसे. संध्याकाळी दुकान बंद करून आले की हात धुऊन माझ्यासमोर बसायचे आणि मी त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवायचे. किल्लेदार पडला त्या प्रकरणाला बाबा रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. हे सगळं मी त्या फ्रंट रूममध्ये सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणून गेले, “त्यामुळे मला ते फार छान वाटतं.”

काकांनी पुस्तक मागितलं. चाळलं. मग म्हणाले, “किल्लेदार आदल्या रात्री बायकोशी काय बोलला ते इथे दोन पानं दिलंय. लेखकाला कुणी सांगितलं? पलंगाखाली बसला होता काय?”

खोली हसून लोळायला लागली. केदार तर डोळे पुसत होता.

मी म्हटलं, “काका, ते कल्पनेने लिहिलेलं असणार. पण वेढा खरा आहे.”

“कशावरून? खऱ्या वेढ्यात खोटी बायको घालणारा माणूस तोफा खऱ्या मोजेल होय?”

“पण माझे बाबा...”

“तुझे वडील रडले हा पुरावा होत नाही, सुनीता.” हे ते अगदी सहज म्हणाले, गाडीची वेळ सांगावी तसे. पुस्तक परत दिलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी किचनमध्ये जाऊन कप धुवायला लागले. वसुधा काकू, काकांच्या पत्नी, पुसायला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मनाला लावून घेऊ नकोस गं. माझ्याशीही ते असंच बोलतात.”

“मग तुम्ही ऐकून कशा घेता, काकू?”

“मी कुठे ऐकते? मी नळ मोठा सोडते.”

मला तेव्हा हसू आलं नाही. बाबांना जाऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं, आणि काकांनी विचारलंही नव्हतं. पुराव्याची एवढी ओढ असणाऱ्या माणसाला समोर बसलेलं माणूस तपासावंसं वाटू नये, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यानंतर मी गेले नाही.

शेवटची भेट स्टॅनमोरच्या बस स्टॉपवर झाली. मी एका मैत्रिणीकडे आले होते. काका खूप वाळले होते, स्कार्फमध्ये निम्मे बुडालेले. मी नमस्कार केला.

“काय वाचतेस हल्ली?”

मी बॅगेतली कादंबरी दाखवली. लायब्ररीतलीच, जुनी, गाजलेली.

“कशी आहे?”

“छान आहे,” मी मुद्दाम म्हणाले. अगदी त्यांच्या डोळ्यांत बघून.

त्यांनी स्कार्फ सारखा केला. “म्हणजे सुधारली नाहीस,” म्हणाले. बस आली, ड्रायव्हरला पास दाखवत ते चढले, आणि खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही... निदान मला दिसलं नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंनी सगळ्यांना बोलावलं. मला त्यांनी स्वतः फोन केला. “तू ये. आणि दोन शब्द बोल. तुला वाटेल ते बोल.” त्या शेवटच्या वाक्यामुळे मी गेले. फोटो पुस्तकांच्या कपाटावर ठेवला होता, हार घातलेला. त्यांची खुर्ची होती तिथेच होती, आणि खोलीत गर्दी असूनही तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. चहा झाला. एकेक जण बोलायला लागला. काका किती छान बोलायचे. काय छान दिवस होते ते. केदार फोटोकडे बघत म्हणाला, “एवढा छान माणूस मी पाहिला नाही.” माझी पाळी आली तेव्हा मला घरी पळून जावंसं वाटलं. मोठ्या माणसांबद्दल, त्यातून गेलेल्या, वाईट बोलू नये, असंच मला शिकवलंय. पण तिथे चार गोड वाक्यं बोलून खाली बसले असते तर बाबांचं ते रडणं मीच दुसऱ्यांदा खोडलं असतं.

मी म्हटलं, “काका मला आवडले नाहीत. त्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण ते पुस्तक वाचत नसत, त्याची उलटतपासणी घेत, आणि माणसांचीही. याच खोलीत ते म्हणाले होते, माझे बाबा रडले हा पुरावा होत नाही. किल्लेदाराबद्दल तो पुरावा नसेलही. पण माझ्या बाबांबद्दल होता. एक सायकलवाला माणूस दिवसभर पंक्चर काढून आल्यावर कुणा परक्याच्या मरणाने रडू शकतो, याचा. एवढं वाचलेल्या माणसाला ते दिसायला हवं होतं. दिसलं नाही. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.”

केदारने कार्पेटकडे बघितलं. मी काकूंकडे बघायचं टाळलं.

मग काकूच उठल्या. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “चला,” त्या म्हणाल्या, “ह्यांचा नियम मोडायचा नाही. कप सिंकमध्ये आहेत. केदार, बाह्या वर कर. तुम्ही सगळेच या. टॉवेल ड्रॉवरमध्ये आहेत.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू बस, सुनीता. तू तो शब्द म्हणाली नाहीस.”

सगळे उठून किचनमध्ये गेले. कपबश्यांचा आवाज यायला लागला, नळ मोठा सुटला, कुणीतरी कुणाला तरी रागावलं, की अरे तो साबण भांड्यांचा नाही. या वेळी कप धुवायची पाळी माझी नव्हती. मी एकटी बसले होते, समोर ती रेडिएटरशेजारची खुर्ची. जे बोलले त्याचा एकही शब्द मागे घ्यायची माझी तयारी नव्हती. उलट मनात आणखी दोन मुद्दे तयार होते. मी खुर्चीकडे बघत राहिले... कशावरून, असं कुणी विचारलं नाही.