मशीनमधला उंदीर

पाण्याले कुठं जावं हे समजलं नसतं, तं त्यानं आमच्या लॅबमधल्या मिस्त्री चाचालेच वाट पुसली असती. मी तिथला चपराशी, शाळेचं तोंड न पाह्यलेला. तरी चाचानं मले औषध तपासायच्या त्या महागड्या मशीनचा वॉल्व शिकवला. "हे पाय, दांडा इकडं केला का औषध या वेटोळ्या नळीत भरते, अन् पंपाचं पाणी सरळ पुढं जाते. तिकडं केला का तेच पाणी वेटोळ्यातून घुसते, अन् औषधाले ढकलत तपासणीच्या नळकांड्यात नेते. नळ्या त्याच, वाट बदलते." घरीबी चाचा तसाच. पोरीच्या लग्नात त्यानं मांडवाले दोन दारं ठेवले: एकीकडून पंगत भरे, चाचा टाळी वाजवे, का दुसरीकडून सुटे. मी जिलेबीसाठी मधातूनच मांगं फिरलो, तं अख्खी पंगत माह्या अंगावर. चाचा वरडला, "अबे, मधात उभा राहू नको! भर, नाहीतर सुट!"

त्या साली कपाशीवर बोंडअळी पडलती. बाभुळगावकडचे एक काका फवाऱ्याच्या औषधाची बाटली घेऊन लॅबच्या म्याडमकडं आले. "तपासून द्या, म्याडम. असली असल तं सारं गाव उद्या फवारते. अळी काही थांबून नाही राह्यली." म्याडमनं मशीन लावलं, तं दाब वाढून पंप बंद! "नळी चोंदली वाटते. इंजिनीअर नागपूरहून चार दिवसानं येईल," म्याडम म्हणाल्या. काका मटकन खालीच बसले.

चाचानं मशीनकडं नाही, माह्या हातातल्या फडक्याकडं पाह्यलं. "पुसलं का बे?" हळूच बोलला.

"चकचक पुसलं, चाचा!"

दांडा ना इकडं ना तिकडं, मधातच लटकलता. साऱ्या वाटा बंद. चाचानं मुकाट्यानं तो जागेवर नेला. पंप चालू झाला.

"कोणी केलं हे?" म्याडमनं इचारलं. मी फडकं पाठीमांगं लपवलं.

"उंदीर असल," चाचा म्हणे.

"उंदीर दांडा फिरवतो?"

"खाऊन माजलेला हाये, म्याडम."

संध्याकाळी मशीननं कागदावर काढलेली बाटलीतल्या औषधाची रेघ असली औषधाच्या रेघेवर बराबर बसली. काका उठले अन् खुशीत त्यायनं मिठी मारली ते मले, म्हणजे उंदरालेच!

चाचा आता रिटायर होऊन पांढरकवड्याले पोराकडं राह्यते. म्याडमनं तवा आणलेला पिंजरा अजून मशीनखाली हाये. उंदीर काही सापडला नाही. मी रोज फडकं मारतो, दांडा जागेवर हाये का दोनदा पायतो, पिंजऱ्यात भजं लावतो. अन् दुपारी चाचाची लयच याद आली का, ते भजं मीच काढून खातो.